तीन मॉनिटरांवर एक विमान : घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमागचे गणित

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याआधी, २०२४ मध्ये, याच बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने केली होती आणि तिचा आवाका ३४ प्रशिक्षण विमाने व वर्षाला १८० वैमानिक असा सांगितला गेला होता. गोंदियाजवळच्या बिरसीला वैमानिक घडवण्याचे काम त्याही आधीपासून चालू आहे. त्यामुळे दर्यापूर, दारव्हा, आर्वी यांसारख्या तालुक्यांतल्या मुलामुलींना विमान हा आता केवळ आकाशात पाहण्याचा विषय राहिलेला नाही, आणि घरच्या संगणकावर विमान चालवून पाहण्याची हौस साहजिकच वाढलेली आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओंत तीन मॉनिटर अर्धगोलात मांडून बसलेली माणसे दिसतात. मग प्रश्न पडतो की तिसरा मॉनिटर जोडला म्हणजे नेमके काय होते, संगणकावर किती ताण येतो आणि गावाकडच्या विजेवर व उन्हाळ्यात हे सारे टिकते का. ज्यांना हा पसारा मांडायचा आहे त्यांच्यासाठी, आणि ज्या पालकांना त्याचा खर्च करायचा आहे त्यांच्यासाठी, हे लेखन आहे.

सिम्युलेटर काय करतो

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमानावर काम करणाऱ्या बलांचा हिशोब सेकंदाला अनेकदा मांडणारा आणि त्या हिशोबाप्रमाणे कॉकपिटमधून दिसणारे दृश्य काढून दाखवणारा संगणकाचा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये आली आणि त्याच मालिकेतली २०२४ ची आवृत्ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आली. एक्स-प्लेन हा दुसरा मोठा प्रोग्राम असून त्याची बारावी आवृत्ती सध्या वापरात आहे. फ्लाइटगिअर हा तिसरा. तो पूर्णपणे मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामचे मूळ लिखाणही, सर्वांना खुले आहे. तिन्हींमध्ये एकाहून अधिक मॉनिटर वापरता येतात, परंतु ते वापरण्याची रीत प्रत्येकाची वेगळी आहे. ती समजण्याआधी मॉनिटर ही वस्तू या खेळात कोणती भूमिका करते हे पाहावे लागेल.

मॉनिटर ही खिडकी आहे

घरातल्या एखाद्या खोलीत उभे राहून खिडकीतून बाहेरचे तुरीचे शेत पाहा. खिडकीपासून सहा पावले मागे उभे राहिलात तर धुऱ्यावरची एखादी बाभूळ तेवढी दिसते; चौकटीजवळ गेलात तर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सगळे शेत दिसते. खिडकी तीच, शेतही तेच. बदलला तो फक्त डोळा आणि चौकट यांच्यामधला कोन. या कोनाला दृश्यकोन म्हणू, कारण पुढचे सगळे विवेचन याच एका शब्दावर उभे आहे.

२४ इंची मॉनिटरचा पडदा सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद असतो. डोळा त्यापासून ६० सेंटीमीटरवर असेल तर आडवा दृश्यकोन सुमारे ४८ अंश भरतो. खुर्ची मागे सरकवून अंतर ८० सेंटीमीटर केले तर तो ३७ अंशांवर येतो, आणि मीटरभर लांब बसल्यास जेमतेम ३० अंश उरतो. माणसाला दोन्ही डोळ्यांनी मान न वळवता सुमारे २०० अंशांपर्यंतचे, कडेला अंधुक का होईना, दिसत असते. म्हणजे एका मॉनिटरसमोर बसलेला माणूस आपल्या नैसर्गिक नजरेच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यातून विमान चालवत असतो.

येथे एक प्रश्न येतो. बहुतेक प्रोग्राम एका मॉनिटरवरही बऱ्यापैकी रुंद दृश्य दाखवतात, मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की ते रुंद दृश्य तेवढ्याच पडद्यात दाबून बसवलेले असते. ४५ मीटर रुंदीची धावपट्टी तीन किलोमीटरवरून पाहत आहोत असे समजा. ६० सेंटीमीटरवर ठेवलेल्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर खरा ४८ अंशांचा कोन ठेवला तर ही धावपट्टी पडद्यावर सुमारे ३२ ठिपक्यांइतकी (पिक्सेलइतकी) रुंद दिसते. तोच कोन प्रोग्राममध्ये १०० अंश केला तर तिची रुंदी सुमारे १२ ठिपके होते. धावपट्टी आहे त्यापेक्षा कितीतरी दूर वाटते, उंचीचा अंदाज चुकतो आणि शिकणारा माणूस उतरताना विमान एकतर आपटतो किंवा धावपट्टीवर तरंगत ठेवतो. अनेक जण यासाठी जॉयस्टिकला, म्हणजे विमान वळवण्याच्या दांडीला, दोष देतात. माझ्या मते पहिला संशय दृश्यकोनावर घ्यावा.

म्हणजे एका मॉनिटरपुढे बसलेल्याला दोहोंपैकी एक निवडावे लागते : खरे माप किंवा रुंद दृश्य. जास्तीच्या मॉनिटरांचे खरे काम या निवडीतून सुटका करणे हे आहे. कॉकपिट भव्य दिसणे हा त्याचा आनुषंगिक लाभ आहे.

सरळ रांग की वळवलेले मॉनिटर

तीन २४ इंची मॉनिटर एका सरळ रेषेत मांडले आणि डोळा मधल्या पडद्यापासून ६० सेंटीमीटरवर ठेवला तर एकूण दृश्यकोन सुमारे १०६ अंश होतो. तेच तीन मॉनिटर, कडेचे दोन आपल्याकडे वळवून, प्रत्येकाचा मध्य डोळ्यापासून त्याच ६० सेंटीमीटरवर येईल असे मांडले तर एकूण कोन सुमारे १४३ अंशांपर्यंत जातो. एक रुपयाही जास्त न खर्चता ३७ अंश वाढले. हे कशाने होते हे खिडकीच्याच भाषेत सांगता येते : एकाच भिंतीत ओळीने तीन खिडक्या असतील तर कडेच्या खिडक्या डोळ्यापासून दूर आणि तिरप्या पडतात, म्हणून त्या लहान भासतात, त्याच खिडक्या डाव्या-उजव्या भिंतींत असत्या तर त्या पूर्ण रुंदीने आपल्यासमोर आल्या असत्या.

मात्र मॉनिटर वळवले की प्रोग्रामलाही ते सांगावे लागते, आणि बहुतेकांची गाडी नेमकी येथे अडते.

जोडलेला एक पडदा आणि स्वतंत्र तीन कॅमेरे

तीन मॉनिटर चालवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत ग्राफिक्स कार्डाचा (पडद्यावरचे चित्र काढणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, तिन्ही मॉनिटर एकत्र करून संगणकाला सांगतो की हा ५७६० गुणिले १०८० ठिपक्यांचा एकच लांबलचक पडदा आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत या सोयीला सराउंड म्हणतात, एएमडीच्या कार्डांत आयफिनिटी. प्रोग्राम त्या लांब पडद्यासाठी एकच चित्र काढतो. हे चित्र सपाट कागदावर काढल्यासारखे असते आणि सपाट चित्राचा नियम असा की मध्यापासून जसजसे कडेला जावे तसतशी प्रत्येक वस्तू आडवी ताणली जाते. मध्यापासून ६० अंशांवर हा ताण मध्याच्या चौपट होतो आणि ७१ अंशांच्या पुढे जवळजवळ दहापट. पडदे खरोखरच सरळ रांगेत असतील आणि डोळा हिशोबाप्रमाणे जागेवर असेल तर हा ताण दोष ठरत नाही, कारण तिरप्या नजरेने पाहताना तो पुन्हा आकसतो आणि वस्तू योग्य मापाची भासते. पण पडदे वळवलेले असताना हेच सपाट चित्र वापरले तर कडेचे गोल तळे लंबगोल दिसते, शेजारून जाणारे विमान रबरासारखे ताणलेले दिसते आणि जमीन कडेने भलत्याच वेगाने पळते. काहींना त्यामुळे मळमळही होते.

दुसऱ्या रीतीत प्रत्येक मॉनिटरसाठी प्रोग्राममध्ये स्वतंत्र कॅमेरा असतो. तिन्ही कॅमेरे वैमानिकाच्या डोळ्याच्या एकाच बिंदूवर ठेवलेले असतात. मधला सरळ पाहतो, डावा ठरावीक अंश डावीकडे आणि उजवा तितकाच उजवीकडे. एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक मॉनिटरपुढे त्याचा दृश्यकोन आणि बाजूला वळण्याचा कोन असे दोन आकडे भरता येतात, आणि त्यासाठी मॉनिटर ड्रायव्हरमध्ये एकत्र न करता सुटे ठेवायचे असतात. फ्लाइटगिअरमध्ये हेच काम मांडणीच्या फाइलमध्ये लिहून करता येते. शिवाय त्यात दोन-तीन साधे संगणक तारेने जोडून प्रत्येकाला एकेक पडदा सांभाळायला देता येतो, जी सोय जुने संगणक जमवू शकणाऱ्या शाळेला फार उपयोगाची आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कडेच्या दृश्यासाठी वेगळी खिडकी उघडण्याची सोय २०२२ मध्ये आली.

आकडे ठरवायला संगणकशास्त्र लागत नाही. शिंप्याची फीत आणि शाळेच्या कंपास पेटीतला कोनमापक पुरतो. डोळ्यापासून पडद्याचे अंतर आणि पडद्याची रुंदी मोजा, ती कागदावर लहान प्रमाणात काढून कोनमापकाने दृश्यकोन मोजा, आणि कडेचा मॉनिटर मधल्याच्या तुलनेत टेबलावर जितके अंश वळवला असेल तितकाच आकडा प्रोग्राममध्ये भरा. दोन पडद्यांच्या मधल्या काळ्या पट्ट्या मिळून दोन सेंटीमीटर भरत असतील तर ६० सेंटीमीटरवरून त्या सुमारे दोन अंश झाकतात. म्हणून ४८ अंशांऐवजी कडेचा पडदा ५० अंश वळवावा आणि प्रोग्राममध्येही ५० लिहावे. पट्टीमागचे आकाश तेवढे झाकले गेले असे चित्र तयार होते आणि ते खऱ्या विमानाच्या खिडकीच्या खांबासारखेच असल्यामुळे नजर ते सहज स्वीकारते.

मांडणी बरोबर झाली का, हे सरळ उडताना कळत नाही, कारण क्षितिजाची आडवी रेषा चुकीच्या आकड्यांवरही तिन्ही पडद्यांवर जुळलेली दिसते. विमान ३० अंश कलते करून पाहावे. आकडे चुकले असतील तर तिरपे क्षितिज पडद्याच्या सांध्यावर मोडते. बरोबर असतील तर डोळ्याच्या जागेवरून ते एकसंध दिसते. माझ्या मते ही एक परीक्षा बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त विश्वासाची आहे.

वळणावर काय दिसते आणि काय दिसत नाही

उतरण्याआधी लहान विमान सहसा धावपट्टीभोवती आयताकृती फेरी घेते आणि ही फेरी बहुतेक ठिकाणी डाव्या हाताची असते. धावपट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जाताना, जेथे उतरायचे ते तिचे टोक एका क्षणी बरोबर डावीकडे, म्हणजे ९० अंशांवर येते. ते खांद्यामागे, १३५ अंशांच्या आसपास गेले की वैमानिक डावीकडे पहिले वळण घेतो. ते वळण पूर्ण झाल्यावर धावपट्टीचे टोक नाकापासून ४५ अंश डावीकडे असते आणि विमान पुढे जाईल तसे आणखी डावीकडे सरकत जाते. त्याकडे पाहूनच शेवटचे वळण केव्हा घ्यायचे हे ठरते.

आता वरचे आकडे येथे लावून पाहा. एका मॉनिटरवर खऱ्या मापात डावीकडे २४ अंशच दिसतात, म्हणजे शेवटच्या वळणाआधी धावपट्टी दिसतच नाही. सरळ रांगेतल्या तीन मॉनिटरांवर ५३ अंशांपर्यंत दिसते, म्हणजे ती दिसू लागते आणि थोड्याच वेळात कडेबाहेर निघून जाते. वळवलेल्या तीन मॉनिटरांवर ७१ अंशांपर्यंत दिसते आणि वळणाच्या निर्णयापर्यंत ती बहुधा नजरेत राहते. पण ९० आणि १३५ अंशांवरचे दृश्य या तिन्ही मांडण्यांत दिसत नाही. तेथे जॉयस्टिकवरच्या बटणाने नजर वळवावीच लागते. तीन मॉनिटर लावले म्हणजे सगळे आकाश घरात आले, असे समजून खर्च करणाऱ्यांनी ही मर्यादा आधी लक्षात घ्यावी.

संगणकावर पडणारा भार

चित्रपटाप्रमाणे सिम्युलेटरही एकामागून एक स्थिर चित्रे दाखवतो. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात प्रोसेसर, म्हणजे संगणकातला मुख्य हिशोबनीस, विमानाचा हिशोब करतो, कोणती झाडे, घरे आणि ढग दिसणार ते निवडतो आणि ग्राफिक्स कार्डाला ते काढण्याचे आदेश देतो. मग कार्ड एकेका ठिपक्याचा रंग ठरवते.

ठिपक्यांच्या दृष्टीने तीन मॉनिटर वाटतात तितके जड नाहीत. एका फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात आणि तिघांवर मिळून ६२ लाख २० हजार. एकट्या फोर-के पडद्यावर मात्र सुमारे ८२ लाख ९४ हजार ठिपके असतात. म्हणजे फोर-के खेळ पेलणाऱ्या कार्डाला तीन साध्या मॉनिटरांचे ठिपके भारी पडायला नकोत. तरीही फ्रेमची संख्या धाडकन खाली येते, आणि त्याचे कारण प्रोसेसरच्या कामात आहे. स्वतंत्र तीन कॅमेरे म्हणजे काय दिसणार याची निवड आणि आदेशांची यादी तीनदा. या कामाचा बराच भाग प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर, म्हणजे त्यातल्या हिशोब करणाऱ्या एका भागावर) एकामागून एक होतो, म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड बसवूनही फरक पडला नाही अशी तक्रार ऐकू येते. असा संगणक घेताना गाभ्यांच्या संख्येपेक्षा एका गाभ्याचा वेग पाहावा.

भार कमी करायचा असेल तर आधी इमारतींची आणि झाडांची दाटी कमी करावी, नंतर सावल्या, मग ढग. रंगांची आणि जमिनीच्या चित्रांची प्रत कमी करण्याची घाई करू नये, कारण ती मुख्यत्वे कार्डाच्या स्मृतीवर अवलंबून असते आणि प्रोसेसरला तिचा त्रास फारसा नसतो. सेकंदाला ३० फ्रेम स्थिर मिळत असतील तर त्यावर समाधान मानावे. ५० वरून २० वर आणि पुन्हा ५० वर हेलकावणारे चित्र डोळ्यांना अधिक थकवते.

जोडणीत नेहमी होणारी गफलत

ग्राफिक्स कार्डाला मागे सहसा तीन-चार जोडण्या असतात, बहुधा एक एचडीएमआय आणि बाकी डिस्प्लेपोर्ट. तिसऱ्या मॉनिटरला जुळणारी तार नसली की अनेक जण ती मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पाटीच्या) जोडणीत खुपसतात. पडदा सुरू होतो, पण तो प्रोसेसरमधल्या दुबळ्या अंगभूत ग्राफिक्सवर चालू लागतो आणि सगळा प्रोग्राम रखडतो. योग्य तो जोडक आणून तिन्ही तारा कार्डालाच लावाव्यात. जुने निळ्या टोकाचे व्हीजीए मॉनिटर वापरायचे असतील तर डिजिटल संकेत बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो, नुसती तार पुरत नाही.

तिन्ही मॉनिटर शक्यतो एकाच मॉडेलचे घ्यावेत. कार्यालयांतून निघालेले जुने मॉनिटर गटाने मिळतात आणि या कामासाठी ते उत्तम ठरतात, कारण त्यांची उंची, रंग आणि कडा सारख्या असतात. मधला मोठा आणि कडेचे लहान अशी मांडणी चालते, पण मग प्रत्येकाचा दृश्यकोन वेगळा भरावा लागतो.

वीज, ऊन आणि इंटरनेट

आता गावाकडच्या अडचणींकडे येऊ, कारण शहरातले सल्ले येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

२४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॉट घेतो, म्हणजे दोन मॉनिटर वाढवल्याने फार तर ५० वॉट वाढतात. मध्यम ग्राफिक्स कार्डासह सगळा संच खेळताना ४०० वॉटच्या आसपास जाईल असे धरले तर अडीच तासांत एक युनिट जळते. बिलापेक्षा मोठा प्रश्न वीज अचानक जाण्याचा आहे. दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा (व्हीए हे क्षमतेचे माप) यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ संगणक चालू ठेवणारी बॅटरी, साधारण ३६० वॉट पेलतो. वर सांगितलेला संच त्यावर टाकला तर वीज जाताच यूपीएसही बंद पडण्याची भीती असते. किमान १००० व्हीएचा घ्यावा, आणि तोही संगणक नीट बंद करण्यापुरताच आहे असे समजावे. कडेचे दोन मॉनिटर यूपीएसवर न घेता थेट विजेवर ठेवले तर थोडी मिनिटे वाढतात. अर्थिंग तपासून घेण्याची टाळाटाळ करू नये, आणि पावसाळ्यात आभाळ गडगडू लागले की संच आणि इंटरनेटची तार दोन्ही भिंतीतून काढून ठेवावीत.

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत बाहेरच्यापेक्षाही अधिक उष्मा असतो. ग्राफिक्स कार्ड खोलीच्या हवेनेच थंड होते. हवा १५ अंशांनी तापली तर कार्डही जवळपास तितकेच तापते. बहुतेक कार्डे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोचली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात, म्हणून हिवाळ्यात सुरळीत चालणारा संच उन्हाळ्यात अडखळतो आणि मालकाला वाटते की काहीतरी बिघडले. कमाल फ्रेमसंख्या ३० वर बांधून ठेवणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे, कारण कार्ड अनावश्यक काम करणे थांबवते. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. ओलसर वारा आणि खाऱ्या पाण्याचे तुषार आतल्या पट्ट्यांना हळूहळू गंजवतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या गावांत तंतू आणि धूळ पंख्यांत फार लवकर साचते, तेव्हा कॅबिनेट नेहमीपेक्षा लवकर उघडून साफ करावे.

इंटरनेटचा विचार प्रोग्राम निवडतानाच करावा. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर उतरवायला १०० जीबीहून अधिक डेटा लागतो. दिवसाला दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर त्याला पन्नासहून अधिक दिवस लागतील. २०२४ ची आवृत्ती संगणकावर कमी जागा घेते, पण उडताना जमिनीची चित्रे सतत इंटरनेटवरून ओढते. त्या उपग्रहचित्रांत आपल्या गावाचा पाणवठा आणि शाळा ओळखता येते, हा आनंद मोठा आहे, परंतु तो चांगल्या फायबर जोडणीशिवाय मिळत नाही. एक्स-प्लेनमध्ये हव्या त्या प्रदेशाचाच भूभाग निवडून एकदा उतरवता येतो, आणि फ्लाइटगिअरमध्येही तुकड्यातुकड्याने साठवता येतो. नंतर इंटरनेट नसले तरी उडता येते. ज्या गावात फायबर पोचलेले नाही तेथे मी या दोनांपैकीच एक सुचवीन.

त्यापेक्षा एक मोठा टीव्ही का घेऊ नये?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच आहे. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद असतो. त्याच्यापासून ९० सेंटीमीटरवर बसल्यास दृश्यकोन ५६ अंशांच्या आसपास भरतो, म्हणजे एका २४ इंची मॉनिटरपेक्षा थोडासाच जास्त. तो फोर-के असेल तर ठिपके तीन मॉनिटरांपेक्षा अधिक, म्हणजे कार्डावरचा भार अधिक आणि कोन निम्म्याहून कमी. घरातल्या इतरांनाही तो पाहता येतो ही त्याची जमेची बाजू आहे, आणि पुष्कळ घरांत तीच निर्णायक ठरेल.

मान वळवली की दृश्य वळते, ते उपकरण?

डोके कोणीकडे वळले हे ओळखून त्याप्रमाणे पडद्यावरचे दृश्य फिरवणारी साधने मिळतात. ट्रॅकआयआर हे विकत मिळणारे साधन आहे. ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्राम साध्या वेबकॅमवरही तेच काम बऱ्यापैकी करतो. मान थोडी वळवली की दृश्य कितीतरी पट जास्त वळते, त्यामुळे एका मॉनिटरवर खांद्यामागचे १३५ अंशांवरचे टोकही पाहता येते, जे तीन मॉनिटरांना जमत नाही. वीज वाढत नाही, उष्णता वाढत नाही, प्रोसेसरवर तीन कॅमेऱ्यांचा भार पडत नाही. कडेच्या नजरेत पळणारी जमीन मात्र मिळत नाही, आणि उतरताना उंचीचा अंदाज ज्या जाणिवेवर बांधला जातो ती बरीचशी कडेच्या नजरेतूनच येते. ज्याच्याकडे आज एकच मॉनिटर आहे त्याने आधी ओपनट्रॅक वापरून पाहावा आणि दुसरा-तिसरा मॉनिटर त्यानंतर आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोक्यावर चढवायचा व्हीआर संच चहूबाजूंचे दृश्य देतो, पण तो प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे चित्र मागतो, त्याला ताकदीचे कार्ड लागते आणि एप्रिल-मेमध्ये तो चेहऱ्यावर बांधून तासभर बसणे आपल्याकडे कठीणच आहे.

दोनच मॉनिटर असतील तर ते शेजारी शेजारी लावून दृश्य अर्धे-अर्धे वाटू नये, कारण सांध्याची काळी पट्टी नेमकी धावपट्टीवर येते. एकावर बाहेरचे दृश्य ठेवावे आणि दुसरा खाली आडवा मांडून त्यावर उपकरणांच्या तबकड्या घ्याव्यात. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उजवीकडचे ऑल्ट बटण दाबून डिजिटल पडद्याच्या उपकरणावर क्लिक केले की ते वेगळ्या खिडकीत निघते.

वैमानिक होण्यासाठी याचा उपयोग होतो का?

पालक हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, आणि घरच्या संगणकावर घालवलेला एकही तास त्यात धरला जात नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या यंत्रांवरचाच सराव, तोही ठरावीक मर्यादेत, नोंदवता येतो. विमान कंपन्यांच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये वक्र आरशाच्या मदतीने दृश्य असे दाखवतात की डोळ्याला ते दूर अंतरावर असल्यासारखेच वाटते, आणि ते सुमारे २०० अंश रुंद असते. आपल्या टेबलावरचा पडदा ६० सेंटीमीटरवर असतो आणि डोळ्याला ते कळत असते.

तरीही उपकरणे वाचणे, फेरीचा क्रम, नियंत्रण कक्षाशी बोलण्याची पद्धत आणि नकाशावरून वाट शोधणे या गोष्टी घरी पक्क्या करता येतात. त्यात एक धोका असा आहे की एका मॉनिटरवर शिकलेल्याला बाहेर पाहण्यासारखे फारसे नसतेच, म्हणून तो सतत तबकड्यांकडे पाहून उडण्याची सवय लावून घेतो. आणि लहान विमानाचे सुरुवातीचे प्रशिक्षण तर क्षितिजाकडे पाहून उडण्याचे असते. वळण्याआधी त्या बाजूचे आकाश रिकामे आहे का हे पाहण्याची सवय कडेचा पडदा असेल तरच लागते. शिकण्याच्या दृष्टीने तिसऱ्या मॉनिटरचे समर्थन करायचे तर ते याच कारणासाठी करता येईल.

ज्या घरात हा खर्च मुलाच्या किंवा मुलीच्या वैमानिक होण्याच्या इच्छेपोटी होणार आहे, त्यांनी मॉनिटर आणण्याच्या आधी महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंग ओळखण्यातला दोष किंवा कानाची तक्रार तेथेच उघड होते, आणि प्रशिक्षण संस्थेत अर्ज करताना तो कागद तसाही लागणारच असतो.